सातवा अभिप्राय

मुराकामी,
१२ जानेवारी

प्रिय तेइजो,

थंडी कडक पडली आहे, प्रकृती सांभाळून आहेस ना? नव्या वर्षाचं कार्ड यंदा तुझ्याकडून आलं नाही. आपण शाळा सोडल्यापासून असं पहिल्यांदाच झालं. मी मात्र पाठवलं होतं. मिळालं असेल, आणि तू ते शेगडीजवळच्या फळीवर पालथं ठेवलं असशील. तुला मी ओळखतो.

माझ्या दाराशी गुडघाभर बर्फ आहे. वळचणीला साल्मन मासे टांगलेत. वारा आला की सगळे एकदम माना वळवतात, सभेत कुणी उशिरा आल्यावर वळवतात तशा. असं काही दिसलं की मला चौथीचा वर्ग आठवतो. मधोमध कोळशाची शेगडी, तिच्यावर डब्यांची चळत, गरम होणाऱ्या मुळ्याच्या लोणच्याचा तो वास, आणि आपण उभे राहून बर्फावरची कविता म्हणतोय. मी आठही कडवी न अडखळता म्हटली. तू चौथ्या कडव्याला अडकलास, क्षणभर खिडकीबाहेर पाहिलंस आणि पुस्तकात नसलेलीच एक ओळ ठोकून दिलीस. बाईंच्या ते लक्षातही आलं नाही. माझ्या लक्षात आलं होतं. ती ओळ काय होती ते आज तुलाही आठवत नसेल.

असो. गुरुवारी मी नागरिक केंद्रात जातो हे तुला ठाऊक आहे. ज्येष्ठांसाठी पायथनचा, म्हणजे संगणकाला आज्ञा लिहायच्या भाषेचा वर्ग. नाव अजगराचं, पण निरुपद्रवी आहे. ओनोदेरा-सान म्हणून एक बाई शिकवतात. टेलिफोन कंपनीत नोकरी करून निवृत्त झालेल्या, फटकळ. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "इतागाकी-सान, तुम्ही हेडमास्तर होतात हे मला माहीत आहे, यंत्राला नाही. त्याला आज्ञा नीट द्या, नाहीतर ते तुमचा अपमान करील." तसा तो रोज होतो, लाल अक्षरांत.

सध्या याद्या चालल्या आहेत. चौकोनी कंस घालायचा, आत नावं लिहायची, मध्ये स्वल्पविराम. झाली यादी. शेवटी कुणाला बसवायचं असेल तर अपेंड. मध्येच घुसवायचं तर इन्सर्ट. शेवटच्या माणसाला उणे एक म्हणून हाक मारली तरी तो ओ देतो. मला हे फार आवडलं. हजेरीपटासारखंच आहे, फक्त यातली मुलं कधी गैरहजर राहत नाहीत.

गंमत एवढीच की यात पहिल्याचा क्रमांक एक नसतो. शून्य असतो. मोजणी तिथून सुरू. ओनोदेरा-सान हे पुन्हा पुन्हा बजावतात, कारण सगळे नवशिके तिथेच पडतात.

आपल्या हायकू मंडळाची नव्या वर्षाची सभा झाली. तू नव्हतास. अध्यक्ष कुमागाईंनी विचारलं, "मागारा-सान रुसले का?" तुझ्या घरून सुमिए-सान आल्या होत्या, नवऱ्याशिवाय, एकट्या. त्यांनी निळा किमोनो नेसला होता. पुढच्या रांगेत बसल्या.

मंडळाच्या साठाव्या वर्षाचा संग्रह निघतोय हे तुला माहीत आहेच. प्रत्येकाचे वीस हायकू. फेब्रुवारीअखेर द्यायचेत. तेइजो, एका अभिप्रायावरून माणसानं लिहिणं सोडू नये. आपले गुरू ओकिता-सेन्सेई मोठे होते हे खरं, पण नव्वदीचे होते, दुखण्यात होते. त्यांनी तुला लिहिलं म्हणून ते ब्रह्मवाक्य होत नाही. पाठव वीस. मागचेच पाठव. लाखेवरचा तो पाठव:

*लाखेचा सातवा थर;*
*त्याच्याही खाली*
*वडिलांचा अंगठा.*

तो नसेल तर तो संग्रह कसला.

आणखी बरंच लिहायचं होतं. बोटं गार पडली आहेत. मग लिहीन.

तुझा,
इतागाकी

*

मुराकामी,
२४ फेब्रुवारी

प्रिय तेइजो,

आज ऊन पडलं. छपरावरून बर्फाच्या लाद्या सरकून धपकन पडतात, आणि दर वेळी मला वाटतं कुणीतरी आलं.

मंगळवारी मी तुझ्याकडे आलो होतो, पण आपली ती भेट मी भेट धरत नाही. दार तू अर्धंच उघडलंस. अंगावर कामाचा अंगरखा होता, पण हाताला लाखेचा वास नव्हता. मी म्हटलं, "तेइजो, वीस कविता." तू म्हणालास, "मास्तर, माझ्यात कुणी नाही असं लिहिलंय ना त्या म्हाताऱ्यानं. मग जो नाहीच त्याच्या वीस कविता कुठून आणू?"

मी दारावर हात ठेवला. तू म्हणालास, "तुम्ही मंडळाच्या याद्या करता ना त्या मशिनवर? मग मला काढून टाका. तेवढं तरी नीट करा." आणि दार लावून घेतलंस. मला 'तुम्ही' म्हणालास. सत्तर वर्षांत कधी म्हणाला नव्हतास.

परत येताना तुझ्या शेजारच्या काजी-सान भेटल्या. त्या मुळे धूत होत्या. म्हणाल्या, "मागच्या महिन्यात कारखान्यामागं ड्रममध्ये जाळलं त्यांनी सगळं. वह्या हो, पेटीभर. मला वाटलं जुनी बिलं असतील. धूर माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांत शिरला, दोनदा धुवावे लागले." मी त्यांना मुळ्याचा भाव विचारला.

घरी आलो आणि तू सांगितलंस तसं केलं. रिमूव्ह, कंसात तुझं नाव. एंटर दाबलं की झालं, आवाजसुद्धा होत नाही. एक गोष्ट मात्र मला कुणी सांगितली नव्हती. वर्गातलं मूल शाळा सोडून गेलं तर त्याचं बाक काही दिवस रिकामं राहतं. मुलं तिथे दप्तरं ठेवतात, पण रिकामं असतं. यादीत तसं नाही. तू गेलास तशी मागची सगळी एकेक जागा पुढे सरकली. फटसुद्धा उरली नाही. आता माझ्यामागे सुमिए-सान आल्या.

त्यांच्याबद्दल तुला कळलं असेलच. स्टेशनजवळच्या चहाच्या दुकानावरची खोली त्यांनी घेतली. दुकानातही बसतात, पुड्या बांधतात. मी चहा घ्यायला जातो. रेडिओवाल्यांनी त्यांचे चार हायकू वाचून घेतले. नीगातातल्या एका मासिकाचंही पत्र आलंय. मी विचारलं, घरी कधी परत जाणार? म्हणाल्या, "कुठल्या घरी?" आणि माप खाली ठेवून मला दाराशी आलेलं गिऱ्हाईक दाखवलं.

तुला वाईट वाटावं म्हणून हे लिहीत नाही. मंडळातलं सगळं मी तुला लिहितो, तशी आपली पद्धतच आहे.

हायकूची मुदत चार दिवसांवर आली आहे. जळालेलं सगळं गेलं असं नसतं, तेइजो. तुला पाठ असतील. मलाही काही पाठ आहेत, माझी स्मरणशक्ती तुला माहीत आहे. तू एक अक्षर लिहून पाठव, 'हो', एवढंच. बाकीचं मी आठवून लिहून देईन.

मुळे महाग झालेत.

तुझा,
इतागाकी

*

मुराकामी,
१८ एप्रिल

तेइजो,

चेरी फुलल्या, दोन दिवसांच्या पावसानं झडल्याही. नदीवर पाकळ्यांचा तवंग आहे. ऋतूचं एवढं पुरे.

काल छापखान्यातून संग्रह आला. तुझं 'हो' आलं नाही, म्हणून तू त्यात नाहीस. छपाई थांबवता येत होती तोवर मी हे पत्र लिहिलं नाही. आता लिहितो. उलट्या क्रमानं झालं हे मला कळतं. क्रम मी मुद्दाम उलटा केला.

मागच्या ऑक्टोबरात आपण सगळ्यांनी ओकिता-सेन्सेईंकडे कविता पाठवल्या. नेहमीप्रमाणे बिननावाच्या. माझ्या हातानं गठ्ठे बांधले आणि वर क्रमांक घातले, एक ते एकवीस, मंडळात येण्याच्या क्रमानं. पहिले कुमागाई. सहावा मी. मी तुला आणलं म्हणून सातवा तू. तू सुमिए-सानना आणलंस म्हणून त्या आठव्या. सेन्सेईंनी एकेका क्रमांकाला चार-चार ओळी लिहून पाठवल्या. ते कवितेचा दाखला कधी देत नसत, कवीशी बोलत. त्यामुळे कुठला अभिप्राय कुणाचा हे फक्त क्रमांकावरून कळायचं.

दरवर्षी मी ते हातानं वाटतो. यंदा नवी विद्या होती ना. नावांची यादी केली, अभिप्राय टाइप केले आणि यंत्राला सांगितलं, पहिला अभिप्राय यादीतल्या एक क्रमांकाच्या नावाला दे, दुसरा दोनच्या, असं शेवटपर्यंत. यंत्रानं तसंच केलं. पण त्याच्या लेखी एक क्रमांकाचं नाव म्हणजे दुसरा माणूस. पहिला तर शून्यावर बसलेला. प्रत्येकाचा अभिप्राय त्याच्या पाठच्याला गेला. शेवटी लाल अक्षरं आली, या क्रमांकाचं यादीत कुणी नाही. बघतो तर कुमागाईंना अभिप्राय नाही आणि एक अभिप्राय उरलेला. मला वाटलं यंत्रानं थोडा घोटाळा केला. उरलेला कुमागाईंच्या नावावर चिकटवला आणि पाकिटं टपालात टाकली. सेन्सेई त्याच आठवड्यात गेले.

म्हणून कुमागाईंना "आधी थोडं वाचा, मग लिहा" असं आलं. ते वाक्य त्या नव्या नर्सबाईंसाठी होतं. कुमागाई महिनाभर कुणाशी बोलले नाहीत, आठवतं?

तुला जे आलं ते सहाव्याचं होतं. मी ते टाइप केलं होतं, मला पाठ आहे: "वृत्त चोख, शब्द चोख, आणि आत कुणी नाही. हे पाठांतर आहे. थांबा. वाचक म्हणून परत जा, त्यातही कमीपणा नाही." टाइप करताना मी मनात म्हटलं होतं, बिचारा कोण असेल.

सातवा सुमिए-सानना गेला. तो असा: "ज्या आवाजाची इतकी वर्षं वाट पाहिली तो आला, आणि मी दाराशी जायला उठू शकत नाही. लिहीत राहा. कुणालाही विचारू नका, मलाही नाही." तो तुझा होता.

हे मला डिसेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी कळलं, वर्गात. ओनोदेरा-साननी फळ्यावर पाच फळं लिहिली आणि विचारलं, "एक क्रमांकाचं कुठलं?" सगळे म्हातारे एकसुरात म्हणाले, "सफरचंद." त्या म्हणाल्या, "सगळ्यांनी चुकीचं फळ खाल्लं. सफरचंद शून्यावर आहे." सगळे हसले. मी टोपी घेतली आणि बाहेर आलो.

आधी कुमागाईंकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मला चहा ओतला आणि म्हणाले, "म्हणजे ते वाचा-बिचा माझं नव्हतं तर." मी म्हटलं नव्हतं. "मग माझं काय होतं?" सांगितलं. खूश झाले. मग म्हणाले, "इतागाकी-सान, सेन्सेई गेले. एकवीस घरांत चिठ्ठ्या फ्रेम करून लागल्यात. तुम्ही आता दारोदार जाऊन सांगणार, तुमची काढा, शेजाऱ्याची लावा? मंडळ राहील का? गप्प बसा." मी म्हटलं, तेइजोचं काय? म्हणाले, "मागारा-साननी चाळीस वर्षं सगळ्यांना बोल लावले. एकदा त्यांनाही लागला. मरत नाही कुणी."

मग सुमिए-सानकडे गेलो. त्या तेव्हा तुझ्याच घरी होत्या, तू कारखान्यात होतास. त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं रडतील. त्यांनी हातातली सोया सॉसची बाटली जागेवर ठेवली आणि विचारलं, "माझं कुठलं होतं?" मी म्हटलं, "दुसऱ्याच्या सावलीत बसून लिहिलेलं आहे. सावलीतून उठा, मग पाठवा." त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. मग म्हणाल्या, "उठतेच आहे. चिठ्ठी कुठलीही असो, सांगणं एकच निघालं."

मी म्हटलं, तेइजोला सांगायला हवं. त्या म्हणाल्या, "इतागाकी-सान, हे सगळ्यांसमोर म्हणायचे, सुमिएच्या कविता म्हणजे पेज, मीठसुद्धा नाही. तुम्ही हसायचात." हसायचो हे खरं आहे. "चाळीस वर्षं मी ती पेज प्याले. त्यांनी एक हिवाळा प्यावी. वसंतात सांगा हवं तर."

"तो लिहिणं सोडेल," मी म्हटलं.

"ज्याच्यात खरंच आहे तो सोडतो का? बघू तरी."

मी निघालो तेव्हा दारात चपला घालताना त्यांनी मागून विचारलं, "आणि सहावं कुणाचं? ते 'आत कुणी नाही' वालं?" मी मान खालीच ठेवली. त्या म्हणाल्या, "हं." बस्स, एवढंच. तेइजो, त्या 'हं'पेक्षा तुझ्या दहा शिव्या मला परवडल्या असत्या.

आता तू म्हणशील, तिच्या शब्दाखातर गप्प राहिलास का? तसं लिहिलं तर ते बरं दिसेल. पण या तीन पत्रांत मी पुष्कळ बरं दिसणारं लिहिलं आहे. ऋतू लिहिले, साल्मन लिहिले, मुळ्याचा भाव लिहिला. सुमिए-साननी गप्प राहायला सांगितलं नसतं तरी मी राहिलो असतो. चौथीपासून मी बिनचूक आहे आणि तू चुकतोस, आणि लोक तुझं ऐकतात. एक हिवाळा तू आपल्या घरात बसून समजत होतास की आत कुणी नाही, आणि मी तुला धीराची पत्रं लिहीत होतो. मला ते करताना बरं वाटत होतं. तुझ्या अर्ध्या दाराबाहेर उभा होतो तेव्हाही. ओठांवर आलं होतं, आणि तू 'तुम्ही' म्हणालास, आणि मी ते गिळलं, आणि त्याचीही चव वाईट नव्हती.

वह्या जाळशील असं वाटलं नव्हतं. पण ज्या दिवशी कळलं त्या दिवशीही मी तुला सांगितलं नाही. मुदतीला अजून दिवस होते.

वसंत आला तसा पुन्हा चहाच्या दुकानात गेलो आणि म्हटलं, आता लिहितो त्याला. सुमिए-सान पुड्या बांधतच होत्या. म्हणाल्या, "आता कशाला? लिहून तुम्ही मोकळे व्हाल. त्यांनी काय करायचं त्या चिठ्ठीचं? पुस्तक छापून झालं, कविता जळून गेल्या, देणारा वारला." मी म्हटलं, निदान खरं कळेल. त्या म्हणाल्या, "खोट्यानं जे मारायचं राहिलं ते खऱ्यानं मारा. करा. तुम्हाला आवडतं तसं." मग पुडी पुढे केली आणि सुटे आहेत का विचारलं.

त्यांचं बरोबर असेल. तरी लिहितो आहे.

तुझे मला पाठ असलेले हायकू काल रात्री कागदावर उतरवायला बसलो. सव्वीस आठवले. वाचून पाहिले. शब्द तुझेच होते, एकही चुकला नव्हता. पण माझ्या अक्षरात ते चौथीच्या पुस्तकातल्यासारखे दिसत होते, आठही कडवी न अडखळता. मी ते फाडले. तुझ्याकडे त्यातलं काही उरलं असेल तर ते तुझ्या डोक्यात आहे, आणि तुला विसरायची सवय आहे, हीच काय ती आशा. विसरलास की तू नवीन घालतोस.

सेन्सेईंच्या हातची मूळ चिठ्ठी, सातवी, सोबत जोडली आहे. वर आकडा त्यांच्याच अक्षरात आहे. काय करायचं ते तू ठरव. ड्रम अजून कारखान्यामागे असेल.

संग्रह पाठवत नाही. छपाईत तुझी पानं मोकळी राहत होती, ती कुमागाईंनी सुमिए-सानना दिली. त्यांच्या चाळीस आहेत. मी वाचल्या. पेज नाही, तेइजो. तुला वाचायच्या असतील तर प्रत त्यांच्याकडे माग. चहाचं दुकान सातला बंद होतं, आणि त्या कुणाला उधार देत नाहीत.

माझ्याही वीस आहेत त्यात. वृत्त चोख आहे.

ज्याला थांबायला सांगितलं होतं आणि जो थांबला नाही, तो
इतागाकी